आधी श्वास सोडायचा

नागपूर,
२ फेब्रुवारी २०२५

प्रिय मोठेबाबा,

जय भीम.

पत्र पाहून दचकू नका. इकडे सगळे ठीक आहोत. फोन असताना पत्र काहून, तं त्याची दोन कारणं आहेत. एक म्हणजे डॉक्टरनं मले जास्त बोलायची बंदी केली. धुरानं गळा आतून सुजला होता, त्यात नऊ दिवस श्वासाची नळी होती. आता माझा आवाज सायकलच्या पंपावानी निघते. दुसरं कारण तुम्ही स्वतः आहात. एकतीस वर्षं खदानीत ड्रिल चालवून तुमचे कान गेले. परवा मी फोनवर हळूच म्हटलं, "श्वास बरा आहे," तं तुम्ही इतक्या जोरात ओरडले, "सासू? कोणाची सासू?" की अपेक्षा मावशीच्या घरचे सगळे हसले. मी पण हसली. मग मले खोकला आला आणि आईनं मलेच रागावलं.

दवाखान्यातून सुट्टी झाली, पण बालाघाटले यायची परवानगी नाही. अजून दोन-अडीच महिने मी आणि आई मावशीकडेच. आठवड्यातून दोनदा दीप्ती मॅडमकडे जावं लागते. त्या श्वासाच्या मास्तरीण आहेत. मले वाटलं होतं श्वास तं कोणी पण घेते, त्याले काय शिकवणी? पण मॅडम म्हणतात, इतके दिवस मशीननं तुझ्यासाठी श्वास घेतला, म्हणून तुझे श्वासाचे स्नायू आळशी झाले. बरगड्यांमधले आणि पोटाच्या वरचा मोठा पडदा. हाता-पायाची कसरत करतात तशी त्यांची पण करावी लागते.

त्यासाठी एक नळकांडं दिलं आहे, मुठीत मावते एवढं. नाकाले चिमटा लावायचा, नळकांडं तोंडात धरायचं आणि जोरात श्वास आत ओढायचा. आत स्प्रिंगची झडप आहे. जोर पुरला तं ती उघडते आणि हवा येते, नाही पुरला तं बंदच राहते. बाहेर सोडताना काही त्रास नाही. असे तीस श्वास सकाळी, तीस संध्याकाळी. वर आकडे आहेत, नऊपासून एकेचाळीसपर्यंत. मी नऊवर आहे. म्हणजे पहिली 'अ' समजा.

आता मुद्द्याचं. तुम्ही मले पाहायले एकदाही आले नाही. पहिले गुडघे दुखत होते. मग कोंबडी अंड्यावर बसली होती. कोंबडी अंड्यावर बसली तं तुम्हाले काय बाळंतपण करायचं होतं? बाबा सांगत होते, सव्वीस जानेवारीले विहारात तुमचा सत्कार झाला, शाल दिली, पेपरात फोटो आला: 'पुतणीला आगीतून वाचवणारे टिकाराम'. आता शाल पांघरून कोंबड्या हाकलता का?

मोठीआईले जय भीम.

तुमची,
आमू

—

भरवेली,
९ फेब्रुवारी २०२५

चि. आम्रपालीस,

जय भीम आणि आशीर्वाद.

तुझं पत्र पोस्टमननं हातात दिलं तेव्हा तुझ्या मोठीआईले, शेवंताबाईले वाटलं, कोर्टाचा कागद आहे. ती म्हणाली, "या वयात काय करून बसले?" मी उघडून वाचून दाखवलं तेव्हा तिच्या जिवात जीव आला. सासूची गोष्ट तिनं दोनदा वाचायले लावली. माझी इज्जत घरात पहिलेच कमी होती, आता तू ती पोस्टानं संपवली.

पोट्टी, तू हिंदी शाळेत शिकून मराठी बरी लिहिली. फक्त अक्षर असं आहे जसं कोंबडी शाईत पाय बुडवून चालली. आणि कोंबडीची मस्करी करू नको. नऊ पिल्लं निघाली. त्यांच्या बापाचा पत्ता नाही, म्हणून लक्ष मलेच द्यावं लागते.

मले यायचं आहे. पण गुडघे खरंच दुखतात. इकडे नळाचं काम पण निघालं आहे. अंगण खोदून ठेवलं, घर सोडून कसं येऊ?

नऊवर आहे म्हणते तं नऊवरून दहावर जाजो. मी पण काल ओट्यावर बसून श्वास ओढून पाहिला. एक लांब श्वास घ्यायचा आणि मनात आकडे मोजायचे. एकोणीसवर खोकला आला. बिडी सोडली हे तुले सांगायचं राहिलं. सव्वा महिना झाला. शेवंताबाई रोज माझे खिसे तपासते, पोलिसासारखी. आपण शर्यत लावू. तू तुझा आकडा लिहून पाठव, मी माझा पाठवतो.

लोकेश आला होता मागच्या रविवारी. गादीचं दुकान पुन्हा उभं करून राह्यला तुझा बाप. कापूस पिंजायची मशीन नवी आणणार, आणि वायरिंग आता सगळी नवी करणार म्हणे.

शालीचं काही लिहू नको. ती पेटीत आहे.

तुझा,
मोठेबाबा

—

नागपूर,
१७ फेब्रुवारी २०२५

प्रिय मोठेबाबा,

जय भीम.

मावशीनं तुमचं पत्र सगळ्यांसमोर वाचलं. नऊ पिल्लांचं ऐकून आईनं विचारलं, बारशाले बोलावलं का?

शर्यत मंजूर. पण मी हरून राह्यली. माझा आकडा अकरा आहे आणि दहा दिवसांपासून तिथंच अडकला आहे. दीप्ती मॅडमच्या हिशोबानं आतापर्यंत तेरा-चौदा पाहिजे होता. त्या रागवत नाहीत. फक्त वही पाहतात, मग माझ्याकडे पाहतात, मग परत वही पाहतात. राकेश नावाचा एक पोट्टा आहे तिथं, गावाकडचा, कडब्याच्या गंजीले आग लागली तेव्हा तिथं होता. तो माझ्यानंतर आला आणि सोळावर पोचला. वरून मले म्हणते, "ताई, तुमची स्प्रिंग खराब असन."

आता एक गोष्ट सांगते. कोणाले सांगू नका, मोठीआईले पण नाही. माझी वही खोटी आहे.

सकाळी तीस, संध्याकाळी तीस, सगळीकडे बरोबरच्या खुणा आहेत. पण करते मी दहा-बारा. कधी कधी चार. आई स्वयंपाकघरात असली की मी नळकांडं हातात घेऊन नुसती बसते. मॅडमले मी सांगितलं, मले बोर होते. त्यांनी खेळ दिला, भिंतीवर डोंगराचं चित्र लावलं, प्रत्येक पाच श्वासाले एक पायरी. चित्र छान आहे. पण बोर होत नाही मले. ते खोटं आहे.

पहिले सात-आठ श्वास नीट जातात. मग थकवा आला की एखादा असा येते, की मी ओढते, ओढते, आणि झडप उघडत नाही. नाक बंद, तोंडात नळी, आणि उघडतच नाही. तेव्हा मले काहीतरी होते.  मी नळकांडं फेकून देते. एकदा मावशीच्या टीव्हीले लागलं. मी म्हटलं, हातातून सुटलं.

तुम्ही म्हणाल, बैताड पोट्टी, प्लास्टिकच्या नळीले भिते. भिते तं भिते.

तुमचा आकडा कळवा. आणि नळाचं खोदकाम संपलं असन आता. नवीन बहाणा शोधा. गुडघे, कोंबडी आणि नळ झाले. पुढच्या वेळी हत्ती आला म्हणून लिहा.

तुमची,
आमू

—

भरवेली,
९ मार्च २०२५

चि. आमू,

तुझ्या पत्राले वीस दिवस उत्तर दिलं नाही. लिहिलं तीनदा, फाडलं तीनदा. लोकेश मधात दोनदा येऊन गेला, पत्र त्याच्या हाती देऊ का म्हणाला, मी नाही म्हटलं. हे मी स्वतः पोस्टाच्या पेटीत टाकीन. तू एकटी असशील तेव्हा वाच.

हत्ती आला नाही. गुडघे दुखतात, पण बस चढण्याइतके चांगले आहेत. नळाचं काम एका दिवसाचं होतं. मी आलो नाही, कारण तुझ्यासमोर उभं राहायची माझी हिंमत नाही.

त्या दिवशी, सत्तावीस डिसेंबरले, तुझी आई ड्युटीवर होती आणि लोकेश गोंदियाले कापूस आणायले गेलता. तुझ्यापाशी मले ठेवलं होतं. तू दुकानाच्या वरच्या खोलीत गृहपाठ करून राह्यली होती. मले चौकात चहा प्यायले जायचं होतं, तिथं माझे खदानीचे दोन जुने दोस्त येतात. तुले सांगितलं असतं तं तू मागं लागली असती, समोसा पाहिजे म्हणून. गृहपाठ राहिला असता. म्हणून मी जाताना तुझ्या खोलीची कडी बाहेरून लावली. हळूच लावली, तुले कळू नये म्हणून. मनात म्हटलं, पाच मिनिटांत येतो.

पाच मिनिटं नाही झाली. गप्पांत अर्धा तास गेला. कोणीतरी ओरडलं, गादीच्या दुकानातून धूर निघते. मी धावलो. जिन्यात काहीच दिसत नव्हतं. हातानं चाचपून कडी शोधली. ती गरम नव्हती, हे मले अजून आठवते. एवढी साधी कडी, एका बोटानं उघडते. तू दारापाशीच पडली होती.

मी तुले खाली आणलं, लोकांनी पाहिलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी काहीच बोललो नाही. पहिल्या दिवशी तू वाचते का नाही हेच माहित नव्हतं, तेव्हा बोलायची वेळ नव्हती. मग तू वाचली, तेव्हा बोलायची भीती वाटली. मग सत्कार झाला. शाल खांद्यावर टाकली तेव्हा वाटलं, अंगावर सगळी खदान पडली. तिची घडी मी उघडली नाही.

तू लिहिलं, ओढते आणि उघडत नाही. मी ते वाचलं आणि मले समजलं तुले काय होते. मॅडमले नाही समजणार, तुझ्या आईले पण नाही. फक्त मलेच समजणार, कारण ते दार मी बंद केलं होतं.

माफी मागतो म्हणायले पण लाज वाटते. तुले जे म्हणायचं ते म्हण. नाही लिहिलं तरी चालेल.

एक कामाची गोष्ट. खदानीत नवीन पोरगा खाली उतरला आणि घाबरला की जुने लोक त्याले श्वास घे म्हणत नव्हते. म्हणत, आधी सोड. सगळा सोड, पोट पाठीले लागेपर्यंत. मग आत येणारा आपोआप येते. घाबरलेला माणूस भरलेल्या छातीत अजून भरायले पाहते, म्हणून त्याले वाटते हवाच नाही. करून पाहजो.

टिकाराम

—

नागपूर,
१६ मार्च २०२५

मोठेबाबा,

मले माहित होतं.

कडी लावताना तिचा आवाज आला होता. तुम्हाले वाटलं हळूच लावली. तुमचे कान असे आहेत की तुम्हाले हळू काय आणि जोरात काय, सारखंच. तेव्हा मले हसू आलं होतं. म्हटलं, परत येतील तेव्हा मी आतून कडी लावीन.

मग धूर आला. मी दार ठोकलं. किती ठोकलं माहित नाही.

दवाखान्यात शुद्धीवर आली तेव्हा बाबांनी विचारलं, तू बाहेर काहून नाही पळाली? तोंडात नळी होती. पाटीवर लिहिलं, दार अटकलं. बाबांना वाटलं लाकूड फुगलं असन. मी तेच राहू दिलं. सगळे म्हणत होते, मोठेबाबानं वाचवलं. ते पण खरं होतं. कडी लावली ते पण खरं होतं. मले दोन्ही एकाच वेळी सांगता येत नव्हतं. म्हणून मी मस्करी करत होती. वाटत होतं, मस्करी करून करून तुम्ही याल आणि तुम्हीच सांगाल.

मी रागावली आहे. तुमचं पत्र वाचून कमी झाला नाही राग, थोडा जास्तच झाला. समोशासाठी! एक समोसा आणून दिला असता तं झालं असतं.

पण मी तुमच्यावर रागावीन आणि पत्र पण लिहीन. दोन्ही करीन. आईवर पण मी रोज रागावते, तिच्या हातचं जेवते पण.

आता तुम्ही बाबांना सांगा. मी नाही सांगणार. मी लहान आहे आणि मले आधीच श्वास कमी आहे, एवढी मोठी गोष्ट धरून ठेवून अजून कमी होते.

खदानीची युक्ती केली. पहिले सगळा सोडला, पोट पाठीले लागेपर्यंत. एकवीस श्वास झाले. वहीत एकवीसच लिहिले.

आमू

—

भरवेली,
२५ मार्च २०२५

चि. आमू,

सांगितलं.

पहिले शेवंताबाईले. ती दोन दिवस बोलली नाही. तुले वाटेल, मले तसंही ऐकू येत नाही, मग काय फरक पडला? पण तिचं न बोलणं मले पहिल्यांदा एवढं मोठ्यानं ऐकू आलं.

मग सायकलनं बालाघाटले गेलो. लोकेश दुकानात नव्या चौकटीले रंग देत होता. मी उभ्या उभ्याच सांगितलं, बसलो असतो तं उठता आलं नसतं.  त्यानं ब्रश डब्यात ठेवला, हात पुसले आणि मागच्या मोरीवर जाऊन हात धुतले. धुतले, परत धुतले. मग म्हणाला, "जा तू." मी निघालो. 'दादा' नाही म्हणाला. त्याले बोलता यायले लागलं तेव्हापासून मले दादाच म्हणते तो. मी बारा वर्षं त्याले खांद्यावर फिरवलं.

विहारात पण गेलो, शाल परत द्यायले. समितीचे गजेंद्रभाऊ म्हणाले, "टिकारामजी, शाल परत घ्यायचा आमच्यात रिवाजच नाही." मी त्यांना खरं सांगितलं. त्यांनी शाल माझ्या हातून घेतली. मग म्हणाले, "ठेवून जा. पण पुढच्या बैठकीत तुम्हीच सांगा, लहान पोरांवर बाहेरून कडी लावू नका म्हणून." सांगीन. लोक काय म्हणतील ते म्हणतील.

समोशाचं तू लिहिलं ते बरोबर आहे. 

एकवीस चांगले आहेत. खरे एकवीस.

मोठेबाबा

—

नागपूर,
३ एप्रिल २०२५

प्रिय मोठेबाबा,

जय भीम.

बाबांनी आईले फोनवर सांगितलं. आई खूप रडली. मग माझ्यावर ओरडली, मग मले जवळ घेतलं, मग परत ओरडली. तिचा क्रम ठरलेला नसते. दुसऱ्या दिवशी तिनं दीप्ती मॅडमले सगळं सांगितलं.

मॅडमनं खोट्या वहीबद्दल काहीच म्हटलं नाही. स्प्रिंग परत नऊवर आणली, मले खूप राग आला. मग म्हणाल्या, "आता ओढायचंच नाही. तोंडात धर आणि तुला पाहिजे तेव्हा काढ." धरलं, काढलं. धरलं, काढलं. असं वीसदा. म्हणाल्या, "झडप बंद राहिली तरी घाबरायचं कारण नाही. मशीन तुझ्या हातात आहे. काढली की खोलीभर हवा तुझी." चिमटा पण मीच लावायचा, मीच काढायचा. भीती वाटली तं थांबायचं, सांगायचं, मग परत.

सहा दिवसांत अकरावर आली, मग तेरावर. काल सोळा. राकेश वीसवर आहे, पण आता त्याची मान जरा कमी वर असते.

बारा तारखेले, शनिवारी, माझी मोठी तपासणी आहे. सहा मिनिटं चालायचं आणि किती चालली ते मोजतात. बाबा येणार आहेत. तुम्ही पण या. बाबांना मी सांगितलं, मोठेबाबांना आणा.  हौ पण नाही, नाही पण नाही. मी तिसऱ्यांदा सांगितलं तेव्हा म्हणाले, "सकाळच्या गाडीनं निघायचं असं कळव त्याले." म्हणून कळवते.

पिल्लांना आता बापाची गरज नाही. मोठी झाली असतील.

आमू

—

भरवेली,
१६ एप्रिल २०२५

चि. आमू,

जय भीम.

तुले वाटेल, चार दिवसांपूर्वी तं भेटलो, आता पत्र काहून? तुझ्यासमोर जे बोलता आलं नाही ते लिहायचं आहे. लिहायची सवय तूच लावली.

तू दारात आली आणि बराच वेळ पाहत राहिली. मले वाटलं, आता म्हणशील, जा. तू म्हणाली, "बारीक झाले. बसा." मी बसलो. 

दवाखान्याच्या त्या लांब व्हरांड्यात तू चालायले लागली, तेव्हा मी पण बाजूनं चाललो. तिसऱ्या मिनिटाले मी मागं पडलो, चौथ्या मिनिटाले बाकावर बसलो. तू वळून पाहिलं आणि हसली. ते हसणं माझ्यावर होतं, मले माहित आहे. हसत हसत पण तू चालतच राहिली. मॅडम म्हणाल्या, चारशे चाळीस मीटर. फेब्रुवारीत दोनशे साठ होते. लोकेश भिंतीकडे तोंड करून उभा होता. मले ऐकू येत नाही, पण दिसते सगळं. रडत होता.

मग तू ते नळकांडं घेऊन बसली. तीस श्वास. मी मोजत होतो. बाविसाव्या श्वासाले झडप उघडली नाही.  तू नळी काढली, सगळा श्वास सोडला, परत लावली आणि ओढलं. उघडली. एवढंच. तू माझ्याकडे पाहिलं पण नाही, तुझं तुझं काम करत होती.

आणि मग मॅडमनं माझ्या तोंडात वेगळी नळी दिली तेव्हा तुम्ही सगळे काय दात काढत होते! हौ, नऊवर पण नाही उघडली. हौ, खोकलो. मॅडमनं छातीच्या डॉक्टरची चिठ्ठी दिली आहे. दाखवीन. तू विचारायच्या आधीच सांगतो, सोमवारी जातो.

आता परतीचं सांगतो. जाताना गाडीत लोकेश खिडकीबाहेर पाहत होता, येताना पण. गोंदियाले उतरलो. बालाघाटची गाडी लागायची होती, बाकावर बसलो. फलाटावर जयंतीले निघालेल्या लोकांची गर्दी, सगळीकडे निळे झेंडे. मले वाटलं, असंच घरापर्यंत चूप जाऊ. माझ्या वाट्याले ते बरोबरच होतं.

तो एकदम म्हणाला, "दादा."

मले वाटलं, मी चुकीचं ऐकलं. तुझ्या सासूवानी.  तो माझ्या चांगल्या कानाकडे सरकला आणि म्हणाला, "दादा, पुढच्या महिन्यात आमू घरी येईल. तिच्या आईची ड्युटी दुपारची आहे, मी दुकानात. दुपारी तिच्यापाशी कोणीतरी पाहिजे. श्वास मोजायले."

मी म्हणालो, "पाहू एखादी बाई मिळते का."

तो म्हणाला, "मी तुले विचारून राह्यलो."

आमू, मी लगेच हौ म्हणालो नाही. त्याले म्हटलं, हे तिले विचारू दे. त्यानं डोकं हलवलं. म्हणून तुले विचारतो. तुले नको असन तं 'नको' असं लिहून पाठव. मी रागावणार नाही, तुझ्या बापाले पण समजावीन.

तुझा,
मोठेबाबा

—

नागपूर,
२२ एप्रिल २०२५

मोठेबाबा,

तुम्ही दोन पानं भरून विचारलं, म्हणून उत्तर पण पत्रानं देते.

हौ.

आमू